आठवीच्या वर्गाला काळ पाठ आहेत, पण बोलताना सुचत नाहीत

पत्र: सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत दोन वर्षांपासून आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. बाराही काळांचा तक्ता मुलांना तोंडपाठ आहे. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील, आणि गाळलेल्या जागा ती बिनचूक भरतात. पण काल काय केलेस, एवढे इंग्रजीत विचारले की 'आय हॅड गॉन टु मार्केट' किंवा 'आय डिडन्ट वेंट' असे काहीतरी येते, नाहीतर शांतता. मागच्या महिन्यात जोड्या करून संवाद घेऊन पाहिले. गलका झाला, मुले मराठीतच बोलली आणि इंग्रजीत बोलली ती नेहमीचीच पाच-सहा. शेजारच्या वर्गातून तक्रार झाली. परवा मी त्याबद्दल पर्यवेक्षकांना भेटायला गेले होते, तर त्यांनी आधी पोर्शन पूर्ण करा म्हणून सांगितले. काळांच्या सरावासाठी वर्गात खरोखर चालतील असे बोलण्याचे उपक्रम सुचवाल का? चुका तिथल्या तिथे दुरुस्त कराव्यात की नाही, हेही सांगावे.

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील दोन वाक्यांपाशी मी थांबलो, आणि ती मुलांची नसून तुमची आहेत. 'दोन वर्षांपासून शिकवते' असे तुम्ही लिहिता, आणि 'परवा भेटायला गेले होते' असेही लिहिता. दोन्ही वाक्ये निर्दोष मराठी आहेत. पण शब्दाला शब्द ठेवून ती इंग्रजीत नेली, तर पहिल्याचे 'आय टीच हिअर सिन्स टू इयर्स' होते, दुसऱ्याचे 'आय हॅड गॉन डे बिफोर यस्टर्डे' होते, आणि दोन्ही चुकतात. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला तिथे 'हॅव बीन टीचिंग' लागते. नुसत्या काल-परवाच्या गोष्टीला आपण सहज 'होतो', 'होते' जोडतो. इंग्रजी मात्र 'हॅड' तेव्हाच आणते, जेव्हा भूतकाळातील एका घटनेच्याही आधी दुसरी घडून गेलेली दाखवायची असते. तेव्हा 'आय हॅड गॉन टु मार्केट' म्हणणाऱ्या मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही, त्याने आपले मराठी वाक्य इमानाने पलीकडे नेले आहे.

'डिडन्ट वेंट'चेही तसेच आहे. 'गेलो नाही' म्हणताना आपले क्रियापद भूतकाळातच राहते आणि त्याच्या मागे 'नाही' येऊन बसते. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळाचे ओझे तो एकटा उचलतो आणि क्रियापद मोकळे होते. आणि आणखी एक गंमत पाहा: आई खालून हाक मारते, मूल अजून पांघरुणात असते, तरी ते 'आलो, आलो' म्हणून ओरडते. मराठीत भूतकाळाचे रूप अगदी जवळच्या भविष्यकाळासाठी खुशाल चालते. त्याच मुलाने इंग्रजीत 'आय केम' म्हटले, तर आईला खोटे सांगितल्यासारखे होईल. तिथे 'आय ॲम कमिंग' हवे.

हे एवढ्यासाठी सांगितले, की तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात बारा काळांना बारा सारखे चौकोन दिलेले असतात, पण मराठी घरातील मूल अडखळते ते चार-पाच ठिकाणीच. खरे तर इंग्रजी क्रियापद स्वतःचे रूप बदलते ते वर्तमान आणि भूत या दोनच काळांसाठी. बाकीचा सारा संसार 'बी', 'हॅव' आणि 'विल' यांच्या मदतीने उभा राहतो. म्हणून सरावाची वाटणी तक्त्याप्रमाणे करू नये. जिथे मराठी एकीकडे ओढते आणि इंग्रजी दुसरीकडे, तिथे तास खर्च करावेत.

आता उपक्रमांविषयी. सांगलीत एकतीस वर्षे शिकवताना मी एकच कसोटी लावत आलो. मुलाने वाक्यातील काळ बदलला, तर ऐकणाऱ्याचे काही बिघडते का? बिघडत नसेल, तर तो उपक्रम म्हणजे गाळलेल्या जागांचाच स्वाध्याय आहे, फक्त पेनाऐवजी तोंडाने केलेला. तुम्ही घेतलेले संवाद बहुधा असेच असावेत: एकाने 'व्हॉट डिड यू डू यस्टर्डे' विचारायचे, दुसऱ्याने दोन वाक्ये सांगायची आणि पहिल्याने ती ऐकली काय, न ऐकली काय, सारखेच. अशा वेळी मुले मराठीत बोलू लागली तर त्यांना दोष कसा देणार? इंग्रजीचे तिथे काही कामच नव्हते.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त चाललेला उपक्रम सांगलीच्या आयर्विन पुलाचा. १९२९ सालापासून उभ्या असलेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली, हे पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातले शेंबडे पोरही विचारते. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे आकडे मुलांना पाढ्यांसारखे ठाऊक असतात. फळ्यावर एक उभी रेघ काढा, खाली ३० आणि वर ५० लिहा, ४० आणि ४५ वर रंगीत खडूने आडव्या खुणा करा. वर्गातील एक मूल पुलावर उभे आहे आणि त्याच्या हातात फोन आहे. बाकीचा वर्ग नदीकाठच्या सखल वस्तीत घरी बसला आहे आणि त्याला रेघ दिसत नाही, म्हणजे सगळ्यांनी डोळे मिटायचे किंवा पाठ फिरवायची. पुलावरचे मूल फक्त एक वाक्य सांगते. ऐकणाऱ्यांनी वहीत तीनपैकी एक निर्णय लिहायचा: घरी थांबायचे, सामान बांधायचे, की निघायचे.

समजा वाक्य आले, 'द वॉटर इज राइजिंग'. पाणी चढते आहे, पण कुठवर आले ते ठाऊक नाही; ऐकणाऱ्याला विचारावेच लागते, 'हाउ मेनी फीट नाउ?' वाक्य आले, 'द वॉटर हॅज क्रॉस्ड फॉर्टी फाइव्ह', तर विचारण्याजोगे काही उरत नाही, पिशव्या उचलायच्या. आणि वाक्य आले, 'द वॉटर वॉज राइजिंग इन द मॉर्निंग', तर सकाळचे कळले, आत्ताचे काय? पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी डोळे मिटूनच ओरडली, 'अँड नाउ?' तिने प्रश्न धड केला नव्हता, त्यात क्रियापदही नव्हते, पण 'वॉज राइजिंग' हे वाक्य आत्ताविषयी काहीच सांगत नाही, हे तिला नेमके कळले होते. चालू भूतकाळाची व्याख्या मी त्या वर्गाला त्यानंतर कधी लिहून दिली नाही.

याच खेळात पूर्ण वर्तमानकाळाचे ते कुप्रसिद्ध कोडेही सुटते. 'दे हॅव रिलीज्ड वॉटर फ्रॉम कोयना' आणि 'दे रिलीज्ड वॉटर ऑन मंडे' यांत फरक काय, असे पुस्तकी पद्धतीने समजावू गेलात तर निकटच्या भूतकाळात झालेली क्रिया, तिचा वर्तमानाशी संबंध वगैरे बोलावे लागते आणि मागच्या बाकावर जांभया सुरू होतात. पण कोयनेतून विसर्ग वाढवला आहे, हे वाक्य सांगलीकराच्या कानावर पडले की त्याच्या मनात काय होते? पाणी अजून इथे पोहोचायचे आहे, तोवर हालचाल करायची आहे. घटना होऊन गेली, तिचे काम मात्र आत्ता आपल्या दारात आहे, यालाच 'हॅव' म्हणायचे. वार सांगितला, तारीख सांगितली, की ती जुनी बातमी झाली, तिथे साधा भूतकाळ आणा. म्हणूनच 'द ब्रिज ओपन्ड इन १९२९' बरोबर आणि 'द ब्रिज हॅज ओपन्ड इन १९२९' चूक.

एक काळजी मात्र घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तुमच्या वर्गात नदीकाठच्या गावातून आलेली किंवा तिथे आजोळ असलेली मुले असतील. खेळातील आकडे ५० च्या आत ठेवा, आणि तुमच्या घरात पाणी आले तेव्हा काय झाले, असे कोणालाही आपणहून विचारू नका. एखाद्याने स्वतः सांगायला सुरुवात केली तर सांगू द्यावे, आणि त्या वेळी व्याकरण बाजूला ठेवावे.

दुसरा उपक्रम याहून सोपा आहे आणि त्याला काही साहित्य लागत नाही. दोन मुलांना व्हरांड्यात पाठवा. मिनिटभरात वर्गाने पाच बदल करायचे: डस्टर खिडकीत ठेवायचे, नकाशा उलटा टांगायचा, दोघांनी जागा बदलायच्या, आणखी काही. बाहेरचे दोघे आत येऊन शोधतात आणि सांगतात, 'समबडी हॅज मूव्ह्ड द डस्टर'. इथपर्यंतचा खेळ अनेक शिक्षक घेतात, पण तो इथेच थांबवला तर निम्माच झाला असे मी म्हणेन. बदल ओळखला की लगेच त्या दोघांनी कोणी केले ते शोधायचे: 'डिड यू मूव्ह इट?' 'नो, आय डिडन्ट.' 'हू मूव्ह्ड इट?' पहिले वाक्य 'हॅज'चे आणि पुढची सारी चौकशी साध्या भूतकाळाची. इंग्रजी माणूस खऱ्या संभाषणात हाच उतार उतरतो: आधी 'हॅव'ने बातमी, मग साध्या भूतकाळाने तपशील. मराठी मुलाला अवघड जाते ते हे वळण, सुटी वाक्ये नव्हेत. शिवाय या चौकशीत 'डिडन्ट मूव्ह' इतक्या वेळा तोंडातून जाते, की 'डिडन्ट मूव्ह्ड' म्हणणारे मूल पाचव्या प्रश्नापर्यंत स्वतःच सावरते.

या खेळातला एक प्रसंग मला चुकांच्या दुरुस्तीविषयी बरेच शिकवून गेला. अर्धे वर्ष तोंड न उघडलेला एक मुलगा बाहेरून आत आला. बाकीच्यांनी त्याचाच डबा पळवून टेबलाखाली ठेवला होता. त्याने दप्तरात हात घातला, चेहरा उतरला, आणि सगळ्यांसमोर तो म्हणाला, 'माय डबा हॅज गो!' वर्ग हसला. पूर्वीचा मी असतो, तर लगेच 'माय टिफिन हॅज गॉन' असे शुद्ध वाक्य म्हणून मोकळा झालो असतो. त्या दिवशी सुदैवाने मी फक्त भुवया उंचावून विचारले, 'हॅज...?' त्याने क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाला, 'गॉन, गॉन, सर!' डबा हा शब्द आम्ही तसाच ठेवला, त्याला काही धाड भरली नव्हती.

हा काही माझ्याच वर्गातला योगायोग नव्हता. रॉय लिस्टर आणि लैला रांटा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांतील दुरुस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाचे चुकलेले वाक्य शिक्षकाने स्वतःच शुद्ध करून म्हणणे, ही सर्वांत जास्त वापरली जाणारी तऱ्हा निघाली, निम्म्याहून अधिक वेळा तीच, पण त्यानंतर मूल स्वतःचे वाक्य सुधारते असे सर्वांत कमी वेळा घडले. मुलाला ते आपल्या म्हणण्याला मिळालेला होकारच वाटतो. वाक्य अर्धवट सोडून मुलाकडून पुढचे काढून घेतले, की दुरुस्ती त्याच्या तोंडून होते. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: ज्या काळाचा सराव चालू आहे, त्याचीच चूक तिथल्या तिथे धरावी, तीही असा धागा देऊन. बाकीच्या चुका खिशातल्या छोट्या वहीत टिपाव्यात आणि तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत, कोणाचेही नाव न घेता, त्यांतल्या चार-पाच फळ्यावर लिहून वर्गाकडून सुधारून घ्याव्यात. त्याच वहीत दोन उत्तम वाक्येही टिपावीत, आणि ती मात्र नाव घेऊन लिहावीत.

एका चुकीकडे तर मी तुम्हाला काही महिने काणाडोळा करायला सांगणार आहे. 'माय फादर प्रून द व्हाइन्स' यातला सुटलेला 'स'. हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ साली स्पॅनिश आणि चिनी घरांतील मुलांचे इंग्रजी तपासले, तेव्हा दोन्हींकडे क्रम जवळपास सारखाच दिसला: 'इंग' लवकर येते आणि तृतीय पुरुषी 'स' उशिरा. लेखी परीक्षेत तो मागावाच लागेल, पण बोलण्यात त्यापायी मुलाला मध्येच अडवण्यात काही हशील नाही.

द्राक्षांचे उदाहरण सहज आले, पण तासगावात शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे याहून चांगले साहित्य कुठले असणार? साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांचा गोंधळ, म्हणजे 'आय ॲम गोइंग टु स्कूल एव्हरी डे' हे आपले पिढीजात वाक्य, तुमच्या वर्गातली बागायतदारांची मुलेच सोडवू शकतील. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे, विरळणी, काढणी, बेदाण्याच्या शेडवरची लगबग; हे दर वर्षीचे चक्र साध्या वर्तमानकाळात. यंदा पाऊस लांबला म्हणून छाटणी उशिरा चालली आहे, हे चालू वर्तमानकाळात. एका मुलाने आपल्या बागेचे दर वर्षीचे सांगायचे, दुसऱ्याने विचारायचे, 'अँड व्हॉट आर यू डूइंग धिस इयर?' ज्यांच्या घरी बाग नाही त्यांना खरोखरच माहिती नसते, आणि तुम्हालाही सगळी असेलच असे नाही. शिक्षिकेला ठाऊक नसलेले सांगताना मुलांचे इंग्रजी कसे सुटते ते एकदा पाहाच. छाटणी, विरळणी हे शब्द मराठीत आले तर येऊ द्यावेत. आपल्याला क्रियापदाचा काळ हवा आहे, शेतीचा शब्दकोश नव्हे.

चालू भूतकाळासाठी आरोपीच्या जबानीचा खेळ बहुतेक प्रशिक्षणांत सांगतात, तो तुम्हाला माहीत असेल. शाळेची घंटा काल चार ते पाचच्या दरम्यान नाहीशी झाली, दोघांवर संशय आहे, ते म्हणतात आम्ही त्या वेळी एकत्र होतो. त्यांना वेगवेगळे बोलावून प्रश्न विचारायचे आणि जबान्यांतील तफावत पकडायची. खेळ उत्तम आहे, मुले त्यात रमतात. फक्त चालू भूतकाळाची वाक्ये त्यात सुरुवातीला दोन-तीनच येतात, 'वी वेअर सिटिंग अंडर द ट्री' एवढी, आणि पुढची सगळी उलटतपासणी साध्या भूतकाळात चालते. तशीच चालू द्यावी. उगाच 'वॉज ईटिंग, वॉज ड्रिंकिंग' म्हणायला लावू नये.

आता 'हॅड गॉन टु मार्केट'. यावर मी कीथ मॉरिस यांनी १९८३ साली मांडलेली चार-तीन-दोनची रीत वापरली. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. आठवीसाठी हे जास्त होते, म्हणून मी दोन मिनिटे, दीड मिनिट आणि एक मिनिट असे केले. विषय रविवारच्या आठवडी बाजाराचा किंवा यात्रेचा. श्रोता दर वेळी नवा, त्यामुळे गोष्ट पुन्हा सांगण्याला अर्थ असतो, आणि वेळ कमी झाल्यामुळे अडखळणे आपोआप घटते. तिसऱ्या फेरीनंतर, आधी नव्हे, श्रोत्याने सांगायचे की गोष्टीत किती वेळा 'हॅड गॉन', 'हॅड ईटन' आले, आणि दोघांनी मिळून ठरवायचे की त्यांतले कोणते खरोखर हवे होते. बहुतेक गळून पडतात. उरते ते एखादेच, पण ते खणखणीत असते: 'व्हेन वी रीच्ड द स्टँड, द एसटी हॅड लेफ्ट.' इथे 'हॅड' काढून 'द एसटी लेफ्ट' म्हटले, तर आपण पोहोचल्यावर गाडी सुटली असा अर्थ होऊ शकतो, म्हणजे धावलो असतो तर मिळाली असती. हा फरक एसटीच्या मागे एकदा तरी पळालेल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

भविष्यकाळासाठी वेगळा तास घालू नका. कुस्तीच्या मैदानाचा एखादा आवाज बंद केलेला व्हिडिओ मध्येच थांबवून 'व्हॉट इज गोइंग टु हॅपन?' विचारले की पुरे. शाळेत पडद्याची सोय नसेल तर दोन मुले हातात हात घालून समोर उभी केली तरी भागते.

गलक्याविषयी. ५२ मुले एकदम बोलणार म्हणजे आवाज होणारच. पण तुमच्या जोड्यांचा वेळ किती होता, हे पत्रात नाही. माझा अंदाज, दहा मिनिटे असावा. तो दीड मिनिटावर आणा. दीड मिनिटात मराठी गप्पांना वेळच उरत नाही, आणि तुमचा हात वर गेला की सगळ्यांनी थांबायचे हा शिरस्ता दोन आठवड्यांत बसतो. बोलण्याआधी मात्र पूर्ण एक मिनिट शांतता ठेवा, ज्यात मुले मनातल्या मनात, हवे तर मराठीत, काय सांगायचे ते जुळवतील. विचार मराठीत, निरोप इंग्रजीत, एवढाच नियम. आणि वर्गाला प्रश्न विचारल्यावर स्वतः थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद फळ्यासमोर उभे राहून फार मोठे वाटतात. मी टेबलाखाली बोटे मोजत असे. तुमची नेहमीचीच पाच-सहा मुले पुढे होतात, ती बव्हंशी या पहिल्या सेकंदामुळे.

जोड्यांशिवाय बोलण्याचा सराव होतच नाही, असेही मानू नका. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी शिकवण्याचा बंगळूरचा जो प्रसिद्ध प्रकल्प चालवला, तो दक्षिण भारतातील साध्या शाळांच्या मोठ्या वर्गांतच, आणि त्यांनी गटकार्यावर भर दिला नव्हता. आधी शिक्षकाने साऱ्या वर्गाबरोबर एक कोडे तोंडी सोडवायचे, मग तसेच दुसरे मुलांनी एकेकट्याने. आयर्विन पुलाचा खेळ मी याच धर्तीवर सबंध वर्गाचा ठेवला आहे, त्यात एका वेळी एकच मूल बोलते आणि एक्कावन्न मुले लक्ष देऊन ऐकतात. शेजारच्या वर्गाची तक्रार निवेपर्यंत पहिले तीन आठवडे तोच घ्या.

पर्यवेक्षकांना आगाऊ सांगून ठेवावे, आणि नुसते सांगण्यापेक्षा एकदा त्यांनाच पूरग्रस्त वस्तीत बसवावे. 'वॉज राइजिंग' ऐकून ते काय निर्णय घेतात, ते मुलांनाही पाहू द्या. पोर्शनचे म्हणाल, तर आठवड्याच्या तासांपैकी दोन तासांची शेवटची पंधरा-पंधरा मिनिटे पुरतात. घटक चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तीही सोडून द्यावीत, कारण त्या दिवसांत मुलांचे लक्ष खेळात नसते आणि तुमचेही नसेल.

तो बारा चौकोनांचा तक्ता भिंतीवरून काढू नका. त्यातली उदाहरणे तेवढी पुसून टाका. दर शनिवारी, त्या आठवड्यात वर्गात खरोखर कोणीतरी बोललेले एखादे वाक्य चिठ्ठीवर लिहून योग्य चौकोनात चिकटवायचे, खाली बोलणाऱ्याचे नाव. साध्या भूतकाळाचा चौकोन दिवाळीपर्यंत ओसंडून वाहू लागेल, पूर्ण वर्तमानकाळाचा हळूहळू भरेल, आणि चालू पूर्ण भविष्यकाळाचा बहुधा एप्रिलपर्यंत कोराच राहील. तो तसाच राहू द्या.